गलबताचे शीड: एका प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

८ जून

शाळेच्या इतिहास दालनासाठी अठराव्या शतकातल्या आंग्र्यांच्या गलबताची प्रतिकृती करायला घेतली आहे. प्रमाण १:४८, म्हणजे खऱ्या गलबताचा १ फूट इथे ६.३५ मिमी. काचेची पेटी आधीच मिळालेली आहे. ती आतून ७५ सेंमी लांब आणि ५५ सेंमी उंच आहे, आणि तिच्यात बसायला हेच प्रमाण सोयीचे पडते.

बाजारात ‘मराठा गलबत’ म्हणून विकायला असतात त्या प्रतिकृती आधी पाहून घेतल्या. बहुतेकींवर तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक चौकोनी शिडे आणि दोन्ही अंगांना काळ्या दोरांच्या शिड्या. हे इंग्रजी फ्रिगेट, म्हणजे इंग्रजांची युद्धनौका झाली. त्यावर भगवा लावला म्हणून ते गलबत होत नाही. दालनात असे काही ठेवले तर मुले तेच खरे धरून चालतील, आणि एकदा डोळ्यांत बसलेले चित्र पुसणे फार अवघड. म्हणून कामाला एकच नियम लावला आहे: प्रत्येक काठीला आणि प्रत्येक दोराला आधार हवा. एकतर त्या काळच्या लेखनातला, नाहीतर आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या चालवलेल्या माणसांच्या हातातला.

११ जून

लेखी आधारात सर्वांत कामाचा निघाला रॉबर्ट ऑर्म. जन्म १७२८ चा, केरळातल्या अंजेंगोचा, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. हिंदुस्थानातल्या लढायांचा त्याचा इतिहास १७६३ पासून छापून येऊ लागला. आंग्र्यांच्या जहाजांचे वर्णन त्यात थोडकेच आहे, पण सुताराला लागते ते नेमके आहे.

गुराब, म्हणजे आंग्र्यांचे मोठे लढाऊ जहाज: बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाल्या सुमारे ३०० टनांच्या, दोनवाल्या १५० पर्यंत. पाणी कमी ओढणाऱ्या, लांबीच्या मानाने चांगल्या रुंद. पुढे नाळ, म्हणजे नावेचे टोक, सरळ बाहेर निघालेली, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी. समोरच्या लाटेत नाळ पाण्यात जोराने आपटते, म्हणून तिच्यावरच्या तक्तपोशीला (फळ्यांच्या तळाला, ज्यावर माणसे वावरतात) कठडा नाही. आलेले पाणी तसेच वाहून जावे.

गलबत: ठेवण गुराबेचीच, आकार लहान. मोठ्यात मोठे क्वचितच ७० टनांच्या वर. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची अगदी नाजूक. मुख्य डोलकाठीवर एकच शीड, त्रिकोणी आणि फार मोठे, आणि चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्या कितीतरी वर जाणारे. वल्ही ४० ते ५०. नुसत्या वल्ह्यांवर ताशी ४ मैल. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंची हलकी तक्तपोशी आणि काठावर फिरत्या लहान तोफा. मोठ्यांवर पक्की तक्तपोशी आणि २ ते ४ पौंडी गोळ्यांच्या ६ किंवा ८ तोफा.

हे शत्रूपक्षाचे लिखाण आहे, आणि आंग्र्यांबद्दलची त्याची मते तशीच आहेत. पण शीड त्रिकोणी होते की चौकोनी, यात खोटे सांगून त्याला काही मिळणार नव्हते. बांधणीपुरता तो विश्वासाचा साक्षीदार आहे.

तीन डोलकाठ्यांचे गलबत इथेच निकालात निघाले.

१५ जून

आकार काढताना अडकलो. ७० टन म्हणजे किती लांब आणि किती रुंद?

त्या काळी इंग्रज जहाजाचे टन मापून ठरवत. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचे, मग रुंदीच्या निम्म्याने गुणायचे आणि ९४ ने भागायचे. ऑर्मचे टन याच हिशेबातले धरले. रुंदी १६ फूट घेतली तर लांबी ६१ फूट येते. दिसायला छान, भरदार. पण त्यात वल्ही बसत नाहीत. वल्हवणाऱ्याला हात मागेपुढे करायला दोन वल्ह्यांत किमान ३ फूट लागतात. एका अंगाला २० वल्ही म्हणजे १९ मोकळ्या जागा, ५७ फूट. उरले ४ फूट, आणि त्यात नाळेकडचा निमुळता भागही बसवायचा आणि सुकाण्याची जागाही.

म्हणून हिशेब उलटा केला. वल्ही आधी, लांबी त्यांच्यावरून. ७२ फूट लांब आणि १४.४ फूट रुंद घेतले तर टन जवळपास ७० च येतात आणि पुढेमागे मिळून १५ फूट मोकळे राहतात. लांबी रुंदीच्या पाचपट. वल्ह्यांवर पळणाऱ्या लढाऊ नावेला ही ठेवण शोभतेही. ५० वल्ही मात्र यात मावत नाहीत, तेव्हा ४०.

प्रतिकृतीत लांबी ४५७ मिमी, रुंदी ९१ मिमी, पुढे नाळ आणखी ६३ मिमी.

जो कोणी हे काम करील त्याने वल्ह्यांपासूनच सुरुवात करावी. मी पहिला ठोकळा १६ फुटी रुंदीच्या हिशेबाने कापून आणला होता. शिवणीचे लाकूड, ८५० रुपये. तो आता गुराबेसाठी बाजूला ठेवला आहे.

१९ जून

चित्रांचा आधार कितपत घ्यावा? फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. आंग्र्यांनी पूर्वी धरलेले ‘रिस्टोरेशन’ हे इंग्रजी जहाज ताफ्यात उभे होते, त्यावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि तुळाजी आंग्र्यांचा सगळा ताफा तिच्यात जळाला. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने या लढाईचे मोठे चित्र रंगवले, पण ते १७७१ चे, पंधरा वर्षांनंतरचे. किल्ला कुठे आणि इंग्रजी जहाजे कशी उभी, यासाठी ते ठीक. गलबताच्या दोरांसाठी ते घेणार नाही.

त्याऐवजी ऐंशी-नव्वद वर्षे पुढे जाऊन मागे वळायचे ठरवले. जॉन एडी याने १८३४ मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या नावांची मापे छापली. फ्रेंच नौदलातल्या पारिस याने १८४० च्या दशकात युरोपाबाहेरच्या नावांचे आराखडे प्रसिद्ध केले. दोघांकडेही पश्चिम किनाऱ्यावरची पत्तेमारी आहे. एडीची मोठी पत्तेमारी ७६ फूट ६ इंच लांब, २१ फूट ६ इंच रुंद, २०० टन. लांबी रुंदीच्या साडेतीनपट, कारण ती माल वाहणारी. तिचा तळ आपल्या कामाचा नाही, पण तिरके परबाण (शीड बांधायचा वासा) आणि पुढे झुकलेली डोलकाठी हे तिचे शिडाचे तंत्र आपल्याच किनाऱ्याचे आहे. ते घ्यायचे.

एका पालकांनी ‘कौंडिण्य’चे फोटो पाठवून तसे चौकोनी शीड सुचवले. नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला ताफ्यात घेतलेली ही शिवलेली नौका मला फार आवडते. फळ्या काथ्याने शिवून समुद्रात जाणारी नाव आज उभी करणे हे मोठे काम आहे. पण ती अजिंठ्याच्या चित्रावरून केलेली, पाचव्या शतकातली. गलबत तिच्यानंतर तेराशे वर्षांनी आले. नम्रपणे तसे कळवले.

२४ जून

आजचा दिवस सार्थकी लागला. मासेमारी बंद असल्याने बंदरावर सगळ्यांना सवड आहे. इथले एक जुने तांडेल, म्हणजे नावेचे म्होरके, आता ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी शिडाच्या मचव्यावर मीठ आणि कौले घेऊन मुंबईला जात. प्रतिकृती पिशवीत घालून त्यांच्या पडवीत नेली. तोवर मी डोलकाठी उभी करून दोन्ही अंगांना दोराच्या शिड्या कायमच्या बांधल्या होत्या, कारण त्याशिवाय डोलकाठी उभी राहील असे वाटत नव्हते.

त्यांनी चष्मा लावला, नाव हातात घेऊन डोळ्यासमोर धरली आणि म्हणाले, “मास्तर, ह्या शिड्या इथं बांधल्यात तर परबाण फिरवणार कुठून?”

परबाण म्हणजे त्रिकोणी शीड ज्याला बांधतात तो लांब तिरका वासा. वारा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घ्यायचा झाला की शीडही डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. तांडेलकाकांनी माझी पेन्सिल डोलकाठीला टेकवून तिरकी धरली. मग खालचे टोक हळूहळू डोलकाठीकडे ओढत पेन्सिल उभी केली, डोलकाठीच्या पुढून वळसा घालून पलीकडे नेली आणि पुन्हा तिरकी सोडली. “सगळं पुढून. मागून कधी नाही. नाव पण वाऱ्याकडे पाठ करून फिरवायची, तोंड करून नाही. चार गडी खालच्या टोकाला, आणि शिडाच्या मागच्या दोराला भरवशाचा माणूस.”

“मग काका, डोलकाठीला आधार कशाचा?”

“वाऱ्याच्या अंगाला दोर. बाजू बदलली की दोर पण बदलायचे. आणि शीड चढवायचा दोर मागं नेऊन घट्ट मारायचा. तोच तिच्या पाठीचा आधार.”

म्हणजे कायमचा बांधलेला दोर जवळजवळ नाहीच. जे आहेत ते सगळे सोडायचे आणि बांधायचे. बाजारातल्या प्रतिकृतींवरच्या त्या काळ्या शिड्या ज्या नावेवर असतील तिचे त्रिकोणी शीड एकाच अंगाला अडकून पडेल.

घरी येऊन शिड्या कापून टाकल्या.

२८ जून

डोलकाठीची उंची मी आधी २६ फूट धरली होती, डोळ्याला बरी दिसते म्हणून. तांडेलकाकांनी दाखवले तसे परबाण फिरवून पाहिले तर खालचे टोक तक्तपोशीवर आपटले.

हिशेब असा. परबाण गलबताइतके लांब, ७२ फूट. पुढचे दोन हिस्से आणि मागचे तीन, अशा ठिकाणी ते टांगले, म्हणजे टांगल्या जागेपासून खालचे टोक २८.८ फूट. फिरवताना परबाण उभे होते तेव्हा ही सगळी लांबी तक्तपोशीच्या वर राहायला हवी. म्हणून टांगण्याची जागा ३० फुटांवर घेतली आणि डोलकाठी ३२ फूट, प्रतिकृतीत २०३ मिमी. आता खालचे टोक साडेसात मिमी वरून सुटते.

चालताना परबाण ५५ अंशांत तिरके धरले तर वरचे टोक तक्तपोशीपासून ६५ फुटांवर जाते, डोलकाठीच्या दुपटीहून वर. ऑर्म म्हणतो तेच! त्याचे वाक्य डोळ्यासमोर ठेवून मी हे माप काढलेले नव्हते. शीड फिरवता यावे एवढ्यासाठीच काढले, आणि ते त्याच्या वर्णनाला येऊन मिळाले. या कामात मला सर्वांत समाधान याचे वाटते.

डोलकाठी थोडी पुढे झुकवली, पत्तेमारीसारखी. त्यामुळे परबाण तिला घासत न बसता पुढे मोकळे लोंबते.

५ जुलै

परबाण एकाच काठीचे करून पाहिले, बांबूच्या एका चिरफळीचे. जाड ठेवले तर बेढब दिसते, बारीक केले तर मधे वाकते. खऱ्या नावेवर इतका लांब आणि सरळ वासा मिळणे कठीणच, म्हणून दोन वासे जाड बाजूंनी एकमेकांवर चढवून दोराने आवळतात. तसेच केले. दोन चिरफळ्या, टोकांकडे निमुळत्या, मधे ९० मिमी एकमेकांवर, सहा ठिकाणी दोऱ्याचे वेढे. जिथे ताण जास्त तिथे आपोआप दुप्पट जाडी मिळाली आणि वाक गेला.

परबाण डोलकाठीला धरून ठेवायला दोराचा सैल फास आहे. तो गोंदाने चिकटवला नाही. प्रतिकृतीतही शीड फिरवून दाखवता आले पाहिजे.

१३ जुलै

पावसाने दगा दिला. सुती दोऱ्याचे दोर बांधून झाले होते. चार दिवस संततधार लागली, हवा ओली झाली, दोरे आखडले आणि डोलकाठी मागे ओढली गेली. मागची नाजूक डोलकाठी मुळातून मोडली. पांढरा गोंदही या हवेत नीट धरत नाही. सकाळी लावलेला जोड संध्याकाळी हाताने सुटतो.

उपाय: सगळे दोर काढले. नवा दोरा आधी पाण्यात भिजवून, खाली वजन लटकवून वाळवला, मग मेणावरून ओढला. मेणाने तंतू बसतात आणि ओल कमी शिरते. दोर बांधताना किंचित ढिला ठेवतो आणि शेवटची गाठ पक्की करत नाही. पेटीत ६० वॅटचा जुना बल्ब टांगून रात्रभर लावून ठेवतो, जोड त्यात वाळवतो. शक्य असेल त्याने दोरांचे काम दिवाळीनंतरच काढावे. मला ते शक्य नाही.

१८ जुलै

दोराचा रंग. जहाज म्हटले की सगळे दोर डांबर लावलेले काळे करतात. तो हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूंच्या, इंग्रजी दोरांचा रंग. आपल्याकडे दोर काथ्याचे, आणि काथ्याला डांबर लावत नाहीत. दोरा काताच्या पाण्यात उकळून तपकिरी केला. दोन वेळा बुडवला की सुकलेल्या काथ्याच्या बराच जवळ जातो. मेण रंगानंतर लावायचे, आधी लावले तर रंग बसत नाही.

जाडीही मापाने घेतली. शीड चढवायचा मुख्य दोर अडीच इंच जाड धरला तर इथे १.३ मिमी, इंचभर जाडीचा दोर अर्ध्या मिमीचा.

कप्प्या मागवल्या होत्या, तयार, १,४०० रुपयांच्या. त्या ५ मिमीच्या निघाल्या. खऱ्या मापात साडेनऊ इंच. एवढे जड परबाण चढवणारी मुख्य कप्पी याहून मोठी हवी. शिवाय त्यांची घडण पूर्ण युरोपी. नारळाच्या करवंटीचे तुकडे कानशीने घासून स्वतः केल्या. करवंटी पातळ राहूनही फुटत नाही, आणि बारीक ड्रिलने स्वच्छ भोक पडते. खर्च शून्य, बोटे मात्र सोलवटली.

२९ जुलै

शीड. त्या काळी डोंगरी हे जाडेभरडे सुती कापड शिडांना आणि तंबूंना वापरत. प्रतिकृतीत खरे जाड कापड घेतले तर शीड फळीसारखे ताठ दिसते, म्हणून मलमल, एक मीटर १२० रुपये. कांजी काढायला दोनदा धुतली. कापडाचे पट्टे जोडून शीड करतात, आणि त्रिकोणी शिडात हे पट्टे मागच्या मोकळ्या कडेला समांतर जातात. जोडाच्या रेषा शिवणयंत्राने घातल्या, त्याच रंगाच्या दोऱ्याने. पेन्सिलने काढलेल्या रेषा धुवट कापडावर फिसकटतात.

शीड मोठे दिसते. दालनाचे काम पाहणाऱ्या सरांनी ते थोडे लहान करावे असे सुचवले. मी नको म्हटले, आणि त्यांना १७५५ चा प्रसंग वाचायला दिला. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गाकडून तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याचा पाठलाग केला तेव्हा वारा पडलेला होता. पळणाऱ्या ताफ्याने वजन कमी करायला सामान समुद्रात फेकले, होती नव्हती तेवढी शिडे चढवली आणि अंगावरचे कपडे, पागोटी सुद्धा वाऱ्याला टांगली, असे ऑर्म लिहितो. झुळकेचा कणही सोडायचा नाही, ही त्या माणसांची रीत. आणि ऑर्मने सांगितलेला त्यांचा लढण्याचा डावही तसाच: वारा पडला की गलबतांनी वल्हवत गुराबांना ओढून न्यायचे, गुराबांनी तोफांनी शत्रूच्या डोलकाठ्या आणि दोर तोडायचे, आणि जहाज लुळे पडले की गलबतांवरच्या शेकडो माणसांनी त्यावर चढायचे. तळ हलका, वल्ही भरपूर, शीड अवाढव्य. यातले एक जरी लहान केले तरी बाकीचे दोन समजत नाहीत.

सरांनी प्रसंग वाचला आणि शीड आहे तेवढेच राहिले.

जोराच्या वाऱ्यात एवढ्या शिडाचे काय करत, हेही तांडेलकाकांना विचारले होते. परबाण खाली घ्यायचे आणि लहान शीड बांधायचे. म्हणून तक्तपोशीवर एक लहान शीड गुंडाळून ठेवले आहे.

१० ऑगस्ट

मागच्या डोलकाठीवर लहान त्रिकोणी शीड दिले. तोफा सहा, वल्ह्यांच्या ओळीच्या पुढे दोन आणि मागे चार. लांबी साडेचार फूट धरून २९ मिमी. पितळी सळईच्या, कातकाम ओळखीच्या लेथवाल्याकडून, ६०० रुपये.

वल्ही ४०. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पळवाट नाही. बांबूच्या काड्या, पात्याला चपट्या केलेल्या. मुलांनी शनिवारी बसून घासल्या.

२ सप्टेंबर

तांडेलकाकांना पुन्हा दाखवले. त्यांनी काही न बोलता वाऱ्याच्या अंगाचे दोर सोडले, परबाण उभे केले, पुढून फिरवून पलीकडे घेतले, दोर त्या अंगाला बांधले आणि शिडाचा मागचा कोपरा ओढून धरला. कुठेही अडकले नाही. एकच दुरुस्ती सांगितली: परबाणाच्या खालच्या टोकाला बांधलेला दोर मी नाळेच्या मधोमध नेला होता, तो वाऱ्याच्या अंगाला घ्यायचा. नाळेच्या दोन्ही कडांना खुंटी बसवली.

६ सप्टेंबर

पाटीचा मजकूर लिहिला. दालनातल्या पाट्या एका ओळीच्या असतात, इथे मी जागा मागून घेतली. डोलकाठ्यांची संख्या, मुख्य शिडाचा आकार, वल्ही, तोफा आणि टन ऑर्मच्या वर्णनावरून. लांबी-रुंदी हिशेबाने काढलेली. परबाण, दोरांची रचना आणि पुढे झुकलेली डोलकाठी पत्तेमारीच्या आराखड्यांवरून आणि मचव्यावरच्या कामावरून. मागच्या डोलकाठीचे शीड अनुमानाने. तसे प्रत्येक भागावर रंगाचा बारीक ठिपका दिला आहे: लेखी आधाराला लाल, किनाऱ्यावरच्या कामाला हिरवा, हिशेबाला आणि अनुमानाला पिवळा. मुले पाटी वाचण्याआधी ठिपके मोजतात, हे कालच दिसले.

वाया गेलेला ठोकळा आणि कप्प्या धरून एकूण खर्च ४,३०० च्या आसपास. सर्वांत जास्त वेळ दोरांनी खाल्ला, त्यातला निम्मा पावसाने.

काच अजून बसवलेली नाही. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की दोर पुन्हा ताणून शेवटच्या गाठी पक्क्या करायच्या आणि मगच पेटी बंद करायची. तोवर १६ फुटी ठोकळ्यावर गुराबेच्या नाळेची आखणी सुरू करतो आहे.